पूर्वीचा आवाज

नाहूर, ६ नोव्हेंबर २०२४

सुयोग,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण राहू दे. पुढच्या पत्रात बघू.

परवा तू शूटिंगच्या गावातून खाली शिलाँगला उतरून फोन केलास, तेव्हा माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, आणि लाइन सारखी तुटतेय. तेवढ्यात तू तीन गोष्टी सांगितल्यास. जेवण बरं आहे. थंडी फार आहे. आणि, ‘श्रुती, ती मुलगी कमाल आहे गं!’ इतक्या दिवसांनी बायकोशी बोलतोस आणि तिसरी गोष्ट ही?

बरं, तुमच्या त्या गावात रेंज नाही, म्हणून पत्रं लिहायची. शूटिंगच्या हार्ड डिस्क घेऊन तुमचा माणूस दर आठवड्याला अंधेरीच्या ऑफिसात येतो, त्याच्याच बॅगेतून पत्रं जातील-येतील, हे तूच ठरवलंस. म्हणजे त्या मुलीचा चेहरा आणि माझं पत्र एकाच बॅगेत. झकास.

तो रोल माझा होता, सुयोग. डोंगरातल्या दोन जमाती एकमेकींवर उठतात, मुलीचं घर जळतं, आणि ती आपली माणसं शोधत या छावणीतून त्या छावणीत फिरते. मी ती स्क्रिप्ट वाचून तीन दिवस नीट जेवले नव्हते. वर्सोव्याला ऑडिशनवर ऑडिशन दिली. शेवटच्या वेळी मेकअपवाल्याने माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यांना टेप लावून ते ताणले आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीतून सुबोधसर म्हणाले, ‘लांबून चालून जाईल.’ मी तशीच रिक्षात बसून घरी आले, तुला दाखवायला. तू म्हणालास, ‘श्रुती, हे बरोबर नाही.’ आणि मग त्यांना खऱ्या छावणीतली खरी मुलगी सापडली. तेव्हा तू ‘अरेरे’ म्हणालास खरं, पण तुझा चेहरा सुटका झाल्यासारखा होता. मी पाहिला.

आई विचारतात, ‘झिलान स्वेटर घातल्यान मां?’ घाल.

श्रुतिका

*

मेघालय, १४ नोव्हेंबर

प्रिय श्रुती,

मी तरी ‘प्रिय’ लिहितो.

स्वेटर घातलाय, दोन घातलेत. आम्ही एका टेकडीवर आहोत. आर्टवाल्यांनी इथे अख्खं गाव उभं केलंय. बांबूच्या भिंती, पत्र्याची छपरं, पुढे भाज्यांचे वाफे. ते सगळं शेवटी जाळायचंय. मी साउंडचा माणूस, मला सकाळी सहाला उठून त्या खोट्या गावाचा आवाज रेकॉर्ड करावा लागतो. खोटं असलं तरी त्यात खरे कोंबडे आहेत.

तुला राग येणार हे माहीत आहे, तरी सांगतो, कारण दुसरं कुणाला सांगू? तिचं नाव किमबोई. मणिपूरची. इंफाळमधलं तिचं घर दंगलीत गेलं, त्यानंतर मावशीबरोबर डोंगरातल्या छावणीत होती. हिंदी तोडकं-मोडकं बोलते. पण तिचा आवाज! ती ‘पाणी’ म्हणते ना, तर ते मागितल्यासारखं वाटत नाही, आठवल्यासारखं वाटतं. अशी मुलगी मी आजवर रेकॉर्ड केलेली नाही. ती अभिनय करतच नाही, श्रुती.

गंमत म्हणजे सिनेमात राज्याचं नाव घ्यायचं नाही. निर्मात्यांना भीती वाटते. जमातींची नावं नाहीत, आडनावं नाहीत, चर्च नाही, देऊळ नाही. नायिकेचं नाव पूर्वी. किमबोईने पहिल्या दिवशी विचारलं, ‘ही पूर्वी कुणाची आहे? आमची की त्यांची?’ सुबोधसर म्हणाले, ‘कुणाचीही नाही, म्हणून सगळ्यांची.’ तर ती म्हणाली, ‘मग तिचं घर कशाला जाळतील?’ मग चहा आला.

बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल, बघ.

तुझा,
सुयोग

*

नाहूर, २१ नोव्हेंबर

सुयोग,

तेल आणलं.

‘अभिनय करतच नाही’ हे कौतुक असतं का रे? मग आम्ही काय करत होतो इतकी वर्षं? मुलुंडला शाळेच्या हॉलमध्ये, पंखे बंद करून, आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचवायला शिकलो, ते काय होतं? मी एका वाक्यासाठी आठवडाभर खपते आणि ही नुसती ‘पाणी’ म्हणते! तिच्याकडे दुःख आहे. माझ्याकडे नुसती तालीम आहे. बाजारात आज कशाला भाव आहे ते दिसतंच आहे.

वाचून वाईट वाटलं ना? मलाही लिहिल्यावर वाटलं. पण खोडणार नाही. घर जळालेल्या मुलीचा मत्सर करणारी बाई मी झालेय, आणि तुझ्या प्रत्येक पत्राने थोडी जास्त होतेय.

आता बातमी. पत्र घ्यायला अंधेरीला गेले तर एडिटर चंद्रप्रकाश भेटले. तुमच्या तिकडचं जेवढं येतं तेवढं ते इथे जोडत बसलेत. म्हणाले, ‘मॅडम, आवाज चांगला आहे तुमचा. वितरकांना हिरॉइनचं हिंदी कळत नाहीये. नमुना म्हणून एक-दोन सीन तिच्या तोंडावर बोलून द्याल?’ म्हणजे डबिंग. चेहरा तिचा, आवाज माझा.

मी हो म्हणाले. पुढच्या गुरुवारी जाणार आहे. तुला काही म्हणायचं असेल तर गुरुवारच्या आत तुझं पत्र पोचणार नाही, तेव्हा म्हणू नकोस.

श्रु.

*

२९ नोव्हेंबर

प्रिय श्रुती,

घाईत लिहितोय, गाडी उभी आहे. तुझं पत्र मिळालं. डबिंगचं मला कुणी बोललं नव्हतं. आम्ही इथे सगळं जागेवरच रेकॉर्ड करतोय, तेच तर ठरलं होतं. बघू.

आगीचा सीन झाला. गाव जाळलं. विशेष काही नाही. थकलोय. नीट लिहीन.

सुयोग

*

नाहूर, ५ डिसेंबर

विशेष काही नाही?

ऐक. काल पुन्हा डबिंगला गेले, तेव्हा चंद्रप्रकाशनी मला आगीचा सीन लावून दिला. कानाला हेडफोन. समोर घर पेटतंय, ती घराकडे धावतेय, तिच्या भाषेत काहीतरी ओरडतेय. मी बघत राहिले. खरं सांगते, मला ते जमलं नसतं. ते कबूल करतानाच जीव चालला होता. तेवढ्यात चित्र संपलं. पडदा काळा. पण आवाज चालूच. तिच्या अंगावरचा माइक चालू होता, बंद करायला तुम्ही विसरलात.

काळ्या पडद्यावर मी काय ऐकलं सांगू? कपड्यांची सळसळ. तिचं रडणं, अगदी माइकला चिकटून. आणि मग तुझा आवाज. मराठीत. ‘घाबरू नकोस, मी आहे ना. मी आहे.’

सुयोग, हे वाक्य माझं आहे. कालिदासमध्ये माझा पहिला प्रयोग होता, मी विंगेत थरथरत होते, तेव्हा तू हेच म्हणाला होतास, ह्याच आवाजात. त्या एका वाक्यावर मी तुझ्याशी लग्न केलं. आणि तिला तर मराठी येतही नाही! तिला कळणार नाही म्हणून वापरलंस का? की आता शब्द लागतच नाहीत तुम्हाला?

शेजारी चंद्रप्रकाश बसले होते. त्यांनी हळूच आवाज बंद केला. म्हणाले, ‘चहा घेणार?’ एडिटरला दया यावी, इथवर माझी वाट लागली.

घरी आले. आईंनी विचारलं, ‘काय गो, पत्र इला?’ म्हटलं, आलं. सगळं ठीक आहे म्हणतोय.

परत कधी येणार ते कळव. नसलास येणार तरी कळव.

*

१२ डिसेंबर

श्रुती,

हे पत्र मी पूर्ण लिहूनच बॅगेत टाकणार आहे, गाडी थांबली तर थांबू दे.

किमबोईला सांगितलं होतं की फक्त धूर असेल. आग नंतर कॉम्प्युटरवर घालू, म्हणाले होते. मलाही तेच माहीत होतं. सुबोधसरांनी ऐन वेळी खरी आग लावायला सांगितली. तिला न सांगता. ‘एकदाच मिळेल,’ असं म्हणाले.

तिने आग बघितली आणि ती सिनेमातून बाहेर गेली, श्रुती. ती पूर्वी राहिली नाही. पेटत्या घरात घुसायला निघाली. सगळ्यांना कळत होतं. सुबोधसर हाताने खुणा करत होते, चालू ठेवा, चालू ठेवा. आणि मी चालू ठेवलं. माझ्या कानात तिचा श्वास होता. तिचे केस जळल्याचा वास आल्यावर मी हेडफोन काढून फेकला आणि धावलो. मी चौकटीत घुसलो म्हणून कॅमेरा बंद झाला. मी तिला दोन्ही हातांनी धरून मागे ओढलं. मग तोंडातून जे आलं ते आलं. घाबरलेल्या माणसाला सांगायला माझ्याकडे तेवढं एकच वाक्य आहे. ते तुझ्यापाशी शिकलो, म्हणून ते तसंच आलं. हवं तर रागाव.

तुला लिहिलं नाही, कारण मी किती वेळ नुसता रेकॉर्ड करत उभा होतो ते मला तुला सांगायचं नव्हतं.

ती काय ओरडत होती, ते तिने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. ‘आजी, चपला राहू देत.’ घरातून पळाले तेव्हा आजी दारातून परत आत गेली, चपला घ्यायला. ती बाहेर आली नाही.

स्क्रिप्टमध्ये त्या जागी पूर्वीचं वाक्य आहे, ‘ये मिट्टी मेरी माँ है!’

सुयोग

*

नाहूर, २० डिसेंबर

सुयोग,

तुझं पत्र मी रिक्षातच फोडलं. हायवेच्या सिग्नलला थांबले होते, तिथपासून घरापर्यंत मी काहीच पाहिलं नाही.

तू तिला ओढून काढलंस ते बरं केलंस. हे मनापासून लिहिते. आणि हेही मनापासून लिहिते की माझा राग गेलेला नाही. तो आता कुठे ठेवू कळत नाही, एवढंच. तू ओढून काढावंस असं माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही, त्याचाही हेवा वाटतो मला. बघ, कुठवर आलेय.

आता ऐक. ऑफिसने मला पूर्ण सिनेमा डब करायला सांगितलाय. पूर्ण. पूर्वीचं एकेक वाक्य. श्रेयनामावलीत नाव. थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज जाईल. आणि त्यात आगीचा सीनही आहे. तिथे माझ्या तोंडी ‘मिट्टी’चं वाक्य.

सुबोधसर शिलाँगला उतरले तेव्हा मी त्यांना फोन केला. म्हटलं, माती वगैरे नको, तिथे ‘दादी, चप्पल रहने दो’ असं म्हणते. ते म्हणाले, ‘हे कुठून काढलंस? जबरदस्त आहे!’ मी सांगितलं नाही. मला वाटलं, निदान खरं वाक्य तरी पडद्यावर जाईल. आणि ते मी बोलेन. सुयोग, ते वाक्य मी घरात म्हणून पाहिलं. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला.

किमबोईला विचार. तिची हरकत नसणारच. पण विचार.

श्रुती

*

२७ डिसेंबर

प्रिय श्रुती,

विचारलं.

आम्ही सामान बांधत होतो. मी तिला म्हटलं, माझी बायको तुझा आवाज करणार आहे. डबिंग म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. समजावलं. ती हसली. म्हणाली, ‘मग मी काय केलं?’ मग चपलांचं विचारलं.

तिने नाही म्हटलं. रागावली नाही, श्रुती. म्हणाली, ‘माती वगैरे काय हवं ते बोला. ते तुमचं आहे. चपला माझ्या आजीच्या आहेत.’ आणि आगीचा तो टेक वापरू नका, असंही म्हणाली. तिच्या आवाजात नको, दुसऱ्या कुणाच्या आवाजात नको. मी सुबोधसरांना सांगितलं. त्यांनी तिच्या सहीचा करार दाखवला.

मी तुला कर म्हणत नाही, नको करू असंही म्हणत नाही. तू या कामाची किती वाट पाहिलीस ते मला माहीत आहे. मी ३ तारखेला निघतो, गुवाहाटीच्या पुढे आवाज रेकॉर्ड करायचे राहिलेत, ते करून महिनाअखेरीस घरी.

तुझा सुयोग

*

नाहूर, ८ जानेवारी २०२५

सुयोग,

तू ‘नको करू’ म्हणाला असतास तर मी नक्की केलं असतं. तेवढं तुला कळतं, लबाडा.

मागच्या आठवड्यात सोमवारी डबिंग सुरू झालं. तीन दिवस मी पूर्वी होते. किमबोईच्या ओठांकडे बघत, तिचा श्वास मोजत. तिचा श्वास वाक्याच्या मध्येच येतो, आपल्यासारखा शेवटी नाही. मला तो पकडायला वेळ लागला, पण पकडला. चंद्रप्रकाश म्हणाले, ‘मॅडम, फरक कळत नाही.’ त्या दिवशी मी घरी पापलेट आणलं.

मग आगीचा सीन आला. समोरच्या कागदावर ‘दादी, चप्पल रहने दो’. माझीच करामत. मी सुबोधसरांना म्हटलं, हे वाक्य काढा, ते माझं नव्हतं. ते म्हणाले, आता तेच राहणार. म्हटलं, मग हा सीन मी करत नाही. त्यांनी मला समजावलं, छान समजावलं. ‘श्रुतिका, त्या लोकांचं दुःख जगाला कळायला नको का?’ मी म्हटलं, ‘सर, तुम्ही त्या लोकांचं नाव तरी घेताय का?’ आणि हेडफोन ठेवून बाहेर आले.

एका पिक्चरमध्ये एकाच तोंडाला दोन आवाज देता येत नाहीत. तेव्हा माझे तीन दिवस गेले. सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी पूर्वी कोण झालं असेल? गंधाली. हो, आपल्याच ग्रुपमधली, दर स्पर्धेत माझ्या पुढे एक नंबर असणारी गंधाली. तिने मला फोन करून विचारलं, ‘तू का सोडलंस गं? काही प्रॉब्लेम आहे का?’ मी म्हटलं, घसा बसला.

उगाच मोठेपणा देऊ नकोस. मी रडले ते आजीसाठी नाही, माझ्यासाठी.

लवकर ये.

श्रुती

*

नाहूर, १९ सप्टेंबर २०२५

प्रिय सुयोग,

तू कच्छच्या रणात मीठ उचलल्याचे आवाज रेकॉर्ड करतोयस, आणि फोनवर हे सांगता येणार नाही, कारण आई शेजारीच असतात. म्हणून पुन्हा पत्र. तुमच्या हॉटेलच्या पत्त्यावर टाकतेय.

किमबोई येऊन गेली. मालाडच्या खास शोसाठी तिला बोलावलं होतं. ऑफिसने लॉज दिला होता, पण आईंनी ऐकलं नाही, ‘चेडू एकटाच खंय ऱ्हवतला?’ म्हणून पोरीला आपल्याकडे आणायला लावलं. मी दार उघडलं. सुयोग, ती केवढीशी आहे! वर्षभर मी पडद्याएवढ्या मुलीशी भांडत होते.

सिनेमाला मी तिच्या शेजारी बसले. स्वतःच्या तोंडातून दुसऱ्याच बाईचं सुंदर हिंदी येताना ती बघत राहिली. आगीचा सीन आला तेव्हा ती उठून बाहेर गेली. मीही मागे गेले. दारातूनही गंधालीचा आवाज येत होता. किमबोईने विचारलं, ‘ये आप हो?’ म्हटलं, नाही. ती म्हणाली, ‘अच्छा किया है उसने.’ गंधालीने खरंच चांगलं केलं होतं. तेच तर. आत लोक हुंदके देत होते आणि आम्ही दोघी पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी उभ्या. चपलांबद्दल मी तिची माफी मागितली. ते वाक्य बाहेर मी नेलं होतं. तिने माझ्या हातातला रुमाल घेतला, घडी घातली, परत दिला. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई-बाबा देवळात गेले होते. मी चहाचं आधण ठेवलं. ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, ‘सुयोगभैयाने सांगितलं, पूर्वी आधी तुम्ही करणार होता. करके दिखाओ ना.’ मला वाटलं थट्टा करतेय. पण नव्हती. मग मी गॅस बंद केला आणि केलं. छावणीत पूर्वी आपल्या माणसांची नावं पुकारते, तो सीन. ऑडिशनला केला होता त्याहून चांगला झाला. खरं पाणी आलं डोळ्यांत. शेवटचं नाव पुकारून मी खाली बसले. संपला. उठले, डोळे पुसले, गॅस पुन्हा लावला आणि तिला विचारलं, साखर किती?

ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल, खोटं आहे, असं नसतं.

ती म्हणाली, ‘तुम्हाला मिळायला हवा होता. तर मला ते घर दुसऱ्यांदा बघावं लागलं नसतं.’ मग म्हणाली, ‘मला हा रोल नको होता. छावणीत एका हॉलमध्ये आम्ही सगळे होतो. मावशी म्हणाली, सिनेमावाले आतून कडी लागणारी खोली देतात. म्हणून गेले.’

मी आलं किसत राहिले.

मग ती हळूच म्हणाली, ‘दीदी, तुम्ही इतकं रडलात आणि लगेच थांबलात. चहा ठेवलात. मला ते येत नाही. मला तुमचा हेवा वाटतो.’

सुयोग, शाळेच्या त्या हॉलपासून मी वाट बघत होते की कुणीतरी माझ्या अभिनयाचा हेवा करावा. आणि केला तर तो मला घेववेना.

चहा आम्ही दोघींनी उभ्यानेच प्यायला.

तुझी,
श्रुती